जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज बोसॉन या कणामुळेच आपल्या शरीराला वस्तुमान मिळतं का?

नाही, थेट हिशेब केला तर आपल्या वस्तुमानातला जेमतेम एक टक्का हिग्ज क्षेत्रामुळे येतो (हे सगळीकडे पसरलेलं, मूलकणांना वस्तुमान देणारं क्षेत्र; हिग्ज बोसॉन हा त्याचाच कण). शरीराचं जवळपास सगळं वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये असतं. प्रोटॉनचं वस्तुमान सुमारे ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), पण तो ज्या मूलकणांचा बनतो त्या क्वार्कांची, म्हणजे दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ क्वार्कच्या वस्तुमानांची, बेरीज भरते ९ एमईव्हीच्या आसपास! बाकीचं म्हणजे क्वार्कांच्या वेगवान हालचालीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन या कणांची ऊर्जा. आइन्स्टाइनच्या समीकरणानुसार तीच वस्तुमान म्हणून मोजली जाते. २००८ मध्ये महासंगणकांवर हेच गणित मांडलं, तेव्हा उत्तर प्रयोगांशी छान जुळलं. मात्र म्हणून हिग्ज किरकोळ ठरत नाही. इलेक्ट्रॉनला वस्तुमान त्याच्यामुळेच मिळतं, आणि ते नसतं तर अणूच बनले नसते.