सिनेमातला बॅटमॅन सर्रास माणसं मारतो, मग ‘जीव घ्यायचा नाही’ या त्याच्या नियमाला अर्थ काय?

मारतो, हे खरंच आहे. पण ‘कॉमिक्समधल्या बॅटमॅनने कधी कुणाला मारलंच नाही’ हे फॅन मंडळींचं पालुपदही खरं नाही. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २७ मध्ये तो पहिल्यांदा आला, त्याच गोष्टीत त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमॅनला त्याचं काहीच वाटत नाही. १९४० मध्ये ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात तो विमानातून ट्रकवर मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी हे सगळं बंद करायला लावलं. नियम आला तो तिथून.

म्हणून सिनेमात किती माणसं मेली हे मोजत बसू नका. सिनेमाने स्वतः नियम मांडलाय का आणि तो मोडल्यावर कुणाला त्याचं काही वाटतं का, एवढं बघा. दिग्दर्शक टिम बर्टनच्या १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये बॅटमॅन एका आडदांड गुंडाच्या अंगाला बॉम्ब अडकवतो आणि चक्क हसतो. पण बर्टनने असा नियम कधी मांडलाच नव्हता, त्यामुळे तिथे शब्द मोडल्याची तक्रार टिकत नाही.

माझ्या मते खरी लबाडी दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनची आहे. ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये (२००५) ब्रूस (म्हणजे बॅटमॅनच) त्याला शिकवणाऱ्या टोळीच्या मठात एका खुनी कैद्याचं डोकं उडवायला नकार देतो, आणि लगेच तापलेली सळई दारूगोळ्यावर भिरकावून अख्खा मठ उडवून देतो. त्या कैद्याचं पुढे काय झालं, हे सिनेमा दाखवतच नाही! शेवटी आगगाडीत तो त्या टोळीच्या म्होरक्याला, रा'ज अल घुलला सांगतो की मी तुला मारणार नाही, पण वाचवायला मी बांधील नाही. ऐकायला झकास. पण पुढचा रूळ पोलीस अधिकारी गॉर्डनकडून पाडून घेण्याचा बेत त्याचाच, म्हणजे सापळा लावायचा आणि वर हात झटकायचे.

‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) मात्र पडत्या जोकरला तो दोर मारून वर ओढतो. नियम इतका नेमका दुसऱ्या कुठल्या सिनेमात दिसत नाही. थोड्याच वेळात गॉर्डनच्या मुलाला वाचवताना बॅटमॅनच्या धडकेने त्या मुलावर बंदूक रोखलेला हार्वी डेंट खाली पडून मरतो, आणि तेव्हा नियमाबद्दल चकार शब्द नाही. वादच घालायचा तर याच प्रसंगावर घाला. मुलाचा जीव जात असताना दुसरं काय करणार, हा मुद्दा दोन्ही बाजूंना जड जातो.

झॅक स्नायडरच्या २०१६ च्या ‘बॅटमॅन व्ही सुपरमॅन’मध्ये तो गाडीवरच्या बंदुकांनी गुंडांना उडवतो. त्याचा नोकर आल्फ्रेड त्याच्या क्रूरपणावर बोलतो, पण बॅटमॅन आधी काय पाळत होता तेच कळत नाही, त्यामुळे ढळला तो कशावरून?

नियम बऱ्यापैकी पाळलेला हवा असेल तर २०२२ चा ‘द बॅटमॅन’ बघा. पण तिथेही शेवटच्या हाणामारीत तो हिरवं इंजेक्शन घेऊन एकाला बेभान बडवतो, गॉर्डनला त्याला ओढून बाजूला काढावं लागतं.