फेज आणि न्यूट्रलला एकाच रंगाची वायर चालेल का? कोणते रंग घ्यावेत?

नाही, एकच रंग चालवून घेऊ नका. फेज म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, न्यूट्रल म्हणजे परतीची. तुम्ही लिहिलंय की लाल वायरची बंडलं उरली आहेत म्हणून वायरमन न्यूट्रललाही तीच ओढू म्हणतो, दिवे तर लागणारच. दिवे लागतील, यात वाद नाही. आतलं तांबं तेच असतं, वरच्या पीव्हीसीच्या रंगाने काही बदलत नाही. पण पाइपात गेलेली वायर पुन्हा दिसते ती फक्त दोन टोकांना. काही वर्षांनी कुणी बोर्ड उघडेल, तेव्हा आत पाच-सहा लाल वायरी एकाच पिळात दिसतील आणि त्यातली फेज कोणती हे नुसतं बघून कळायला काही मार्ग राहणार नाही.

भारतात घराच्या पक्क्या वायरिंगला फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा, असे रंग रूढ आहेत. थ्री-फेज असेल तर तीन फेजना लाल, पिवळी, निळी. तुमच्या घराला हेच ठेवा.

खरा घोळ निळ्या रंगाचा आहे, तो नीट समजून घ्या. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन यांच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते. ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ब्रिटनमध्येही आधी आपल्यासारखंच लाल-काळं होतं. २००४ पासून तिथे तपकिरी-निळं सुरू झालं आणि २००६ पासून नव्या कामाला तेच बंधनकारक झालं. त्यामुळे थ्री-फेज घराच्या डीबीत, म्हणजे सगळी सर्किटं जिथून निघतात त्या मुख्य बोर्डात, दिसणारी निळी वायर ही जिवंत फेज असते आणि त्याच घरातल्या इस्त्रीच्या कॉर्डमधली निळी वायर न्यूट्रल. कॉर्डची सवय घेऊन कुणी डीबीत हात घातला तर तिथे न्यूट्रलपासून २३० व्होल्ट आणि दुसऱ्या फेजपासून ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. अमेरिकेत तर काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. व्हिडिओ बघून बोर्ड जोडणाऱ्यांनी तो व्हिडिओ कोणत्या देशातला आहे हे आधी बघावं, एवढं कळकळीने सांगतो.

आता स्विचकडे या. स्विच नेहमी फेजवर हवा. रंग एकच असले की हमखास उलटापालट होते आणि स्विच न्यूट्रल तोडायला लागतो. स्विच बंद केला की दिवा विझतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण होल्डरपर्यंत फेज तशीच आलेली असते. स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो तो असा. काही वेळा बंद केलेला एलईडी दिवा अंधारात मंद उजळत राहतो. तसं दिसलं तर पहिल्यांदा हीच जोडणी तपासायला सांगा. स्विचमधून दिव्याकडे जाणारी वायरही फेजच समजायची. तिला लाल किंवा दुसरा एखादा रंग द्या, काळा आणि हिरवा मात्र कधीच नको.

रंग बरोबर आहेत म्हणून वायरीला बिनधास्त हात लावायचा, असाही अर्थ घेऊ नका. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय, पण उपकरण चालत नाही, हे तुम्ही कदाचित पाहिलं असेल. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेली असते. त्याच सर्किटवर एखादा दिवा किंवा पंखा चालू राहिलेला असतो. फेज त्याच्यातून पुढे काळ्या वायरीत येते आणि परतीची वाट तुटल्यामुळे तिथेच उभी राहते. वायर नियमाप्रमाणे काळी, तरी शॉक पूर्ण २३० व्होल्टचा. म्हणून मेन बंद करायचा, टेस्टर आधी वीज चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून बघायचा, मग कामाच्या वायरीला, आणि पुन्हा एकदा त्या पहिल्या ठिकाणी. मल्टिमीटर असेल तर अधिक चांगलं.

हिरव्याच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर अर्थिंगशिवाय कशालाही वापरायची नाही, टेप गुंडाळूनसुद्धा नाही. दोन रंगांचा पट्टा असलेली मिळाली तर तीच घ्या. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांनाही ती पट्ट्यामुळे ओळखू येते.

सगळ्या न्यूट्रल काळ्या असल्या तरी त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. दोन वेगळ्या आरसीसीबींवरच्या (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचांवरच्या) सर्किटांच्या न्यूट्रल एका जंक्शन बॉक्समध्ये एकत्र बांधल्या, की गेलेला आणि परतलेला करंट जुळत नाही आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी विनाकारण पडत राहते. दोष शोधण्यात मग दिवस जातात. प्रत्येक काळ्या वायरीला दोन्ही टोकांना सर्किटचा नंबर लावून घ्या. फार वेळ लागत नाही.

काही पाइपांत लाल-लाल आधीच ओढून झाली असेल आणि काढणं शक्य नसेल, तर न्यूट्रल कोणती हे मीटरने नक्की करून तिच्या दोन्ही टोकांना काळी स्लीव्ह (वायरीवर बसणारी नळी) चढवायला सांगा. टेप कालांतराने सुटते. उरलेल्या कामासाठी मात्र काळी बंडलं आणाच, आणि आणताना जाडी बघा: फेज अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर न्यूट्रलही अडीचचीच, कारण गेला तेवढाच करंट तिच्यातून परत येतो.