न्यायाधीशांची नेमणूक: नाव कोण सुचवतं ते सगळे बघतात, फाईल कुठे थांबते ते बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. न्यायाधीशच न्यायाधीशांना निवडतात, तर मग पक्षाची प्रवक्ती राहिलेली व्यक्ती मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश कशी होते? आणि कॉलेजियमचा, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाचा, शब्द अंतिम असेल, तर काही वकिलांची नावं दिल्लीत वर्षानुवर्षं पडून कशी राहतात? शिवाय शेवटी, 'न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केलेला नेमणूक आयोग टिकला असता तर बरं झालं असतं का?' असंही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तो कळला की बाकीचे दोन सोपे होतात.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी एखाद्या वकिलाचं नाव कसं जातं ते आधी बघू. त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश मिळून नाव ठरवतात. वकिलाची लेखी संमती घेतली जाते. मग फाईल राज्य सरकार आणि राज्यपालांकडे, तिथून केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे जाते. मंत्रालय गुप्तचर विभागाचा, म्हणजे आयबीचा अहवाल मागवतं. हे सगळं जमलं की फाईल सरन्यायाधीशांकडे येते. त्या उच्च न्यायालयाची माहिती असलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची मतं घेतली जातात. मग सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम शिफारस करतं. (सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ, असं पाच जणांचं कॉलेजियम असतं.) शिफारस परत कायदा मंत्रालयाकडे, तिथून पंतप्रधान, मग राष्ट्रपती. अधिसूचना निघाली की शपथ.

सरकारला नाव पटलं नाही तर ते कारण देऊन एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव एकमताने पुन्हा पाठवलं, तर नेमणूक करणं सरकारवर बंधनकारक आहे. 1993 च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाने हे ठरवलं आणि 1998 मध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर दिलेल्या मताने ते पक्कं झालं. वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा इतकंच छापून येतं. पण सरकारने नाव परतही पाठवलं नाही आणि नेमणूकही केली नाही तर काय, याचं उत्तर ह्या व्यवस्थेत नाही. खरं राजकारण त्या मोकळ्या जागेत चालतं.

एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्या. आयबीने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, त्यानंतर केंद्राने आठ ते बारा आठवड्यांत फाईल पुढे पाठवावी, आणि नाव पुन्हा पाठवलं असेल तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी. मुदत मोडली तर काय होईल, हे मात्र त्यात नव्हतं. पुढे याच दिरंगाईवर न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठापुढे अवमानाची सुनावणी चालली, सरकारला तारखांवर तारखा मिळाल्या, आणि डिसेंबर 2023 मध्ये, कौल निवृत्त होण्याच्या काही आठवडे आधी, ते प्रकरण अचानक सुनावणीच्या यादीतून गायब झालं. आपण ते काढलेलं नाही, असं खुद्द कौल यांनी न्यायालयात सांगितलं होतं.

आता उदाहरणं बघा. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव मुंबई उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने 2021 मध्ये सुचवलं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने शिफारस केली. समाजमाध्यमांवर त्यांनी सार्वजनिक विषयांवर मतं मांडली, ह्या कारणाने सरकारने नाव परत पाठवलं. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमने ते पुन्हा पाठवलं आणि मत मांडल्याने माणूस अपात्र ठरत नाही, असं ठरावात लिहिलं. नेमणूक झाली नोव्हेंबर 2023 मध्ये. म्हणजे चांगला शेवट झालेल्या प्रकरणातही दोन वर्षं गेली, आणि 'बंधनकारक' टप्प्यानंतरही दहा महिने.

मद्रासचे वकील आर. जॉन सत्यन यांच्याविरुद्ध आक्षेप काय, तर त्यांनी पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमने त्यांचं नाव पुन्हा पाठवलं, आणि नव्याने सुचवलेल्या काही नावांच्या आधी त्यांची नेमणूक व्हावी, असंही ठरावात नमूद केलं. तीनच आठवड्यांनी, 7 फेब्रुवारीला, मद्रास उच्च न्यायालयात नव्या न्यायाधीशांचा शपथविधी झाला. त्यात सत्यन नव्हते. भाजपच्या महिला मोर्चाच्या पदाधिकारी राहिलेल्या व्हिक्टोरिया गौरी होत्या.

अशा यादीतल्या उशिराने काय बिघडतं, असं बाहेरून वाटू शकतं. बिघडतं ते असं. नेमणुकीच्या वेळचं वय आणि शपथेची तारीख यांवर न्यायाधीशाची पुढची सगळी वाट ठरते. उच्च न्यायालयात निवृत्तीचं वय 62, सर्वोच्च न्यायालयात 65. सरन्यायाधीशपद सर्वोच्च न्यायालयातल्या ज्येष्ठतेने मिळतं, आणि ज्येष्ठता शपथेच्या क्रमाने. भूषण गवई आणि सूर्यकांत यांनी 24 मे 2019 या एकाच दिवशी शपथ घेतली. गवईंची आधी झाली, म्हणून मे 2025 मध्ये ते आधी सरन्यायाधीश झाले आणि सूर्यकांत नोव्हेंबरमध्ये त्यांच्यानंतर. एका दिवसातल्या क्रमाला इतकी किंमत असेल, तर दोन वर्षं फाईल दाबून ठेवण्याला किती असेल? कोणालाही 'नाही' न म्हणता कोण कधी कुठे पोचेल हे त्यातून ठरवता येतं.

दुसरा परिणाम बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या वर्तुळात, दिसतो, आणि मला जास्त काळजी त्याची आहे. संमती दिलेल्या चांगल्या वकिलाचं नाव बाहेर फुटतंच. अशील विचारतात, 'साहेब, तुम्ही वर्षभर आहात ना?' मोठं प्रकरण हाती घ्यावं की नाही हे ठरवता येत नाही. ज्युनिअर दुसरं चेंबर शोधू लागतात. त्यात आयबीच्या अहवालाबद्दल कुजबूज सुरू झाली की स्वतःचा बचाव करायलाही जागा नसते, कारण आरोप काय हेच अधिकृतपणे कळत नाही. कर्नाटकातले ज्येष्ठ वकील आदित्य सोंधी यांचं नाव पुन्हा पाठवूनही नेमणूक होईना, तेव्हा फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी संमती मागे घेतली. त्याआधी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या चार नावांतून सरकारने गोपाल सुब्रमण्यम यांचं एकट्याचं नाव बाजूला काढलं, आणि त्यांनीही संमती परत घेतली. उत्तम वकिली चाललेला माणूस हे बघून पहिल्याच टप्प्यावर नकार देतो. तो नकार कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

एकत्र पाठवलेल्या नावांतलं एक वेगळं काढण्याची हीच पद्धत 2018 मध्ये पुन्हा दिसली. कॉलेजियमने सर्वोच्च न्यायालयासाठी इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ यांची नावं एकत्र पाठवली होती. मल्होत्रांची नेमणूक झाली, जोसेफ यांचं नाव परत आलं. सरकारने ज्येष्ठता आणि प्रादेशिक प्रतिनिधित्वाची कारणं दिली. 2016 मध्ये उत्तराखंडमधली राष्ट्रपती राजवट रद्द करणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख जोसेफ होते, हे मात्र कोणीही विसरलेलं नव्हतं. कॉलेजियम ठाम राहिलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना शपथ मिळाली. अकील कुरेशी यांच्या बाबतीत तेवढं ठाम कोणी राहिलं नाही. 2010 मध्ये गुजरात उच्च न्यायालयात असताना त्यांनी अमित शाह यांना सीबीआयच्या कोठडीत पाठवण्याचा आदेश दिला होता. मे 2019 मध्ये कॉलेजियमने त्यांना मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती करण्याची शिफारस केली. सरकारने ती अडवली, आणि कॉलेजियमने स्वतःच शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला पाठवलं. सर्वोच्च न्यायालयात ते कधी आलेच नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे काही आजच्या सरकारने शोधून काढलेलं नाही. 24 एप्रिल 1973 ला संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून ए. एन. राय यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीत बंदिवानांच्या बाजूने एकट्याने मत नोंदवणाऱ्या एच. आर. खन्नांना 1977 मध्ये डावललं गेलं. त्याच काळात उच्च न्यायालयांतल्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश असलेले उ. र. लळीत यांनी आणीबाणीत जामीन दिले, त्यांना कायम केलं गेलं नाही. पुढे त्यांचे चिरंजीव उदय लळीत सरन्यायाधीश झाले. कॉलेजियम जन्माला आलं ते ह्या अनुभवांमधून, न्यायाधीशांच्या हावेतून नाही. ते मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी.

तरीही कॉलेजियमचं समर्थन मी पूर्णपणे करू शकत नाही, कारण मौनाचं तेच हत्यार न्यायाधीशही वापरतात. सौरभ कृपाल यांचं नाव दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने ते वेळोवेळी पुढे ढकललं आणि शिफारस केली थेट नोव्हेंबर 2021 मध्ये. ही चार वर्षं सरकारची नव्हती. डिसेंबर 2018 मध्ये कॉलेजियमच्या बैठकीत दोन नावं ठरली, जानेवारीत एक सदस्य बदलल्यावर वेगळीच दोन नावं पुढे गेली. आधीच्या बैठकीत काय झालं हे माहिती अधिकारात मागितलं, तर डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती मागणी फेटाळली. बैठकांचं टिपण ठेवा, नाहीतर मी येणार नाही, असं न्यायमूर्ती चेलमेश्वर 2016 मध्येच म्हणाले होते. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायमूर्ती नागरत्ना यांनी एका शिफारशीला लेखी विरोध केल्याच्या बातम्या आल्या, पण कॉलेजियमच्या प्रसिद्ध झालेल्या निवेदनात त्या विरोधाचा शब्दही नव्हता.

ह्या बंद खोलीचा फटका कोणाला बसतो तेही बघा. 2018 पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या न्यायाधीशांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक खुल्या प्रवर्गातले असल्याचं कायदा मंत्रालयाच्या संसदेतल्या उत्तरात दिसलं. पहिली महिला सर्वोच्च न्यायालयात पोचली ती 1989 मध्ये, फातिमा बीवी. ज्याचं चेंबर मोठं, ज्याच्या घरात आधी न्यायाधीश होऊन गेले, त्याचं नाव तीन ज्येष्ठांच्या डोळ्यांपुढे सहज येतं. तालुक्याच्या न्यायालयातून वर आलेल्या, कोणाचाही ज्युनिअर नसलेल्या वकिलाचं नाव यायला कोणीतरी मुद्दाम शोधावं लागतं. शोधण्याची पद्धतच लिहिलेली नाही.

आता पक्षाच्या माजी प्रवक्त्यांबद्दल. तुमचा रोख भाजपच्या प्रवक्त्या राहिलेल्या आरती साठे यांच्या 2025 च्या नेमणुकीकडे आहे. माझ्या मते राजकीय भूतकाळ हा एकटा निकष धरला तर आपण फसतो. 1973 मध्ये डावलले गेलेले न्या. के. एस. हेगडे स्वतः काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते आणि पुढे काँग्रेसच्याच सरकारला नकोसे झाले. कृष्ण अय्यर केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. उलट बाजूला बहारुल इस्लाम आहेत: काँग्रेसचे खासदार, मग उच्च न्यायालय, निवृत्तीनंतर थेट सर्वोच्च न्यायालय, आणि 1983 मध्ये राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसची उमेदवारी. गौरी यांच्या नेमणुकीला आव्हान दिलं गेलं तेव्हा खंडपीठात असलेल्या गवईंनी आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी असल्याचं बोलून दाखवलं होतं. दादासाहेब गवई कोण होते हे मराठी वाचकाला सांगायला नको.

म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो: दोन्ही बाजूंना एकच माप लागलं का? एका वकिलाने टीकेचा लेख पुढे पाठवला म्हणून त्याची फाईल अडते, आणि दुसऱ्या व्यक्तीचं पक्षातलं पद आड येत नाही, हे मला खटकतं. पद असणं हा गुन्हा नाही. पण मग मत असणं हाही असू नये.

नेमणूक आयोगाबद्दल थोडक्यात. तो आणणारी 99 वी घटनादुरुस्ती एप्रिल 2015 मध्ये अमलात आली. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर, असे सहा जण, आणि कोणत्याही दोघांना नाव रोखण्याचा अधिकार. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चार विरुद्ध एक मताने रद्द केली. माझा आक्षेप त्यातल्या दोघांच्या नकाराधिकाराला आहे. आज सरकारला फाईल दाबावी लागते, तेव्हा ते बैठकीतच नाव मारू शकलं असतं. सरन्यायाधीशांना एकट्याला नकाराधिकार देऊ नये, असं बाबासाहेब 24 मे 1949 ला घटना समितीत सांगत होते, कारण तेही शेवटी माणूसच. तोच युक्तिवाद कायदामंत्री आणि मान्यवरांनाही लागू पडतो. आणि नुसतं गप्प बसण्याची ताकद किती असते हे अमेरिकेतही दिसलं: मार्च 2016 मध्ये ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, आणि सिनेटने त्यांना विरोधी मत न देता, सुनावणीच न घेता वर्ष काढलं.

मला हवा असलेला बदल छोटा आहे. फाईल प्रत्येक टप्प्यावर कधी आली आणि कधी गेली, हे जाहीर व्हावं. मुदत संपली तर आक्षेप नाही असं धरून नाव पुढे सरकावं. नाव परत पाठवलं तर कारण लिहून, आणि संबंधित वकिलाला त्यावर उत्तर देण्याची संधी देऊन. कॉलेजियममधला विरोधही ठरावासोबत छापला जावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. डिसेंबर 2015 मध्ये न्यायालयाने नवी कार्यपद्धती तयार करायला सांगितली होती, तिच्यात हे बसलं असतं. सरकार आणि न्यायालयाचं त्यावर आजवर एकमत झालेलं नाही.

तोवर तुम्हाला करता येईल असं एक काम सांगतो. शिफारशीची बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरचा कॉलेजियमचा ठराव उघडा. उच्च न्यायालयाने नाव कधी पाठवलं, शिफारस कधी झाली आणि अधिसूचना कधी निघाली, ह्या तीन तारखा लिहून ठेवा. एकाच ठरावातली कोणती नावं आठवड्यात निघाली आणि कोणती मागे राहिली ते बघा, आणि मागे राहिलेल्यांनी आधी कोणते खटले लढवले होते ते शोधा.