स्पेक्ट्रम शेअरिंगच्या (एकच रेडिओ बँड अनेकांनी वाटून वापरण्याच्या) प्रयोगांसाठी बीडकडे माळावर जागा बघतोय. रेडिओ सिग्नलच्या दृष्टीने 'शांत' जागा कशी ओळखायची?

शांत जागा कशाला हवी, ते आधी सांगा. खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत, त्यांना शांतता लागते. शेअरिंगच्या प्रयोगाला घरमालक लागतो, म्हणजे त्या बँडचा आधीपासूनचा हक्कदार. अमेरिकेत 3550 ते 3700 मेगाहर्ट्झवर सीबीआरएस ही शेअरिंगची व्यवस्था उभी राहिली, ते तिथे नौदलाचं रडार आधीपासून होतं म्हणून. रडार सुरू झालं की बाकीच्यांनी जागा सोडायची. ज्या माळावर कुणीच नाही, तिथे तुम्ही जागा सोडणार कुणासाठी?

आमच्या सरांना हे कधी पटलं नाही. पाटोद्याकडच्या एका तांड्याजवळ आम्ही जानेवारीत भर दुपारी ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) लावला. टॉवर रिकामा असला तरी बोलतच राहतो, त्यामुळे टॉवरकडून फोनकडे येणारा डाउनलिंक दिसत होता. पण फोनकडून टॉवरकडे जाणारा अपलिंक जवळजवळ सपाट. सर खूश, वहीत लिहिलं: 'वापर नगण्य'. इकडे तांड्यावर बहुतेक घरांना कुलपं. एक म्हातारी नातवंडं सांभाळत बाजेवर बसलेली. तिला विचारलं तर म्हणाली, "समदे कारखान्याला गेलेत, पाडव्याला येतेत." मी तिथंच म्हणालो, सर, माणसं ऊसतोडीला गेलीत, फोनही त्यांच्याबरोबर गेलेत, परत आल्यावर मोजू. सर म्हणाले, भावनिक होऊ नको, आकडे बघ.

मे महिन्यात मी मित्राच्या गाडीवर तोच अँटेना घेऊन त्याच जागी गेलो. लग्नसराई, संध्याकाळची वेळ. अपलिंक गजबजलेला. अहवालात मात्र जानेवारीच राहिला.

तर मोजणी किमान दोन हंगामांत करा आणि प्रत्येक वेळी पूर्ण 24 तास. शेतीच्या फीडरवर विजेची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. रात्री थ्री फेज आली आणि खराब इन्सुलेटरवर ठिणगी उडत असली, की वॉटरफॉलवर (ॲनालायझरवरचा वेळेनुसार सरकणारा सिग्नलचा आलेख) आडवे पट्टे सुरू. दिवसा सौर पंपांचे कंट्रोलर खालच्या बँडमध्ये कचरा करतात. पवनचक्क्याही बघा, फिरती पाती सिग्नल परावर्तित करून हलवत राहतात. आकाशवाणीचा एफएम जवळ असेल तर ॲनालायझर दबून नसलेले सिग्नल दाखवतो. ॲनालायझरच्या तोंडाशी 10 डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा: खरा सिग्नल 10 डीबीनेच उतरेल, तिसऱ्या दर्जाचं इंटरमॉड, म्हणजे ॲनालायझरच्या आतच तयार झालेला खोटा सिग्नल, सुमारे 30 डीबीने कोसळेल.

टीव्हीचे 470 ते 590 मेगाहर्ट्झ आपल्याकडे बरेच रिकामे आहेत, हे खरं. आयआयटी मुंबईने पालघरला त्यावरच गावांना इंटरनेट देऊन बघितलं. तुमचा विषय तोच असेल तर माझं वरचं घरमालकाचं म्हणणं थोडं सैल करतो. आणि औंढ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतेय म्हणजे तिथे रेडिओ शांतता असेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यांना जमिनीची थरथर नको असते.

एका दुपारच्या मोजणीवर कुणी सही मागितली, मग ते गाइड असोत नाहीतर प्राचार्य, देऊ नका.

हां, परवान्याचं राहिलंच. नुसतं ऐकणं वेगळं, पण प्रसारण करायचं तर डब्ल्यूपीसीचा (केंद्राच्या दूरसंचार विभागाची स्पेक्ट्रम शाखा) प्रायोगिक परवाना आधी काढा. 865 ते 868 मेगाहर्ट्झमध्ये ठरलेल्या कमी पॉवरवर परवान्याशिवाय चालतं, बाकी ठिकाणी नियम बघितल्याशिवाय बटण दाबू नका.