यम चाचं आमंत्रण आलंय, कसं वागायचं?

प्रश्न: ताई, मुलाकडे हाँगकाँगला आलोय, त्याच्या सिनियरने रविवारी आम्हा दोघांना घरच्यांसोबत यम चाला बोलावलंय. तिथे नेमकं काय असतं? आम्ही पोर्क, बीफ खात नाही, मासे-कोळंबी चालते.

उत्तर: अहो नक्की जा! घरच्यांसोबत बोलावलंय म्हणजे खूप आपुलकीने बोलावलंय. यम चा म्हणजे चहा आणि सोबत डिम सम, म्हणजे छोटे छोटे खाण्याचे पदार्थ, सकाळपासून दुपारपर्यंत निवांत चालतं, घाई अजिबात करू नका. आधी चहा कुठला ते विचारतील, पु-एर काळा आणि जरा मातकट लागतो पण तेलकट खाण्यावर मस्त, नको असेल तर जास्मिन सांगा. आणि हे महत्त्वाचं, स्वतःचा कप भरायच्या आधी बाकीच्यांचे भरायचे, सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात. तुम्हाला कोणी ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, तेच थँक्यू, बोलणं न थांबवता होतं, मला ही पद्धत फार आवडते. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवा, वेटर गरम पाणी घालून जातो.

खाणं बांबूच्या टोपलीत, एकेकीत तीन-चार नग, सगळ्यांनी वाटून घ्यायचे. तुमच्यासाठी हार गाउ, म्हणजे कोळंबीचं पातळ पारदर्शक आवरणाचं डम्पलिंग, पण सारणात कधीकधी डुकराची चरबी असते म्हणून मुलाला आधीच विचारायला सांगा. सिउ माय (वरून उघडं डम्पलिंग) आणि ‘चार सिउ बाव’ (भाजलेल्या पोर्कचं सारण भरलेला पाव) हे दोन्ही पोर्कचे. मुळ्याचा केक दिसायला शाकाहारी, त्यातही बहुतेकदा चायनीज सॉसेज असतं. एग टार्ट (अंड्याच्या कस्टर्डचं गोड टार्ट) मात्र सोडू नका, फक्त आवरणात डुकराची चरबी नाही ना तेवढं विचारा!