आठवड्याला वीस तास काम झेपेल का? चोपड्याहून जर्मनीला निघालेल्या मैत्रिणीला

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. मेकॅनिकलच्या मास्टर्सला सगळे विषय घेऊन आठवड्याला वीस तास काम झेपेल का, आणि पहिल्या सेमिस्टरपासूनच बाबांना कर्जाच्या हप्त्यासाठी पैसे पाठवता येतील का. पहिल्या सेमिस्टरपुरतं दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे. मी स्वतः हेच करायला गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुला एजंटने सांगितलं असेल की वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. खरं आहे ते, मार्च २०२४ पासून तसा नियम आहे, त्याआधी १२० आणि २४० होते. पण ही व्हिसाची मर्यादा झाली. अभ्यासाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. एका सेमिस्टरला ३० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात. म्हणजे जवळजवळ ९०० तास. लेक्चरचे आणि परीक्षेचे मिळून बावीस आठवडे धर, आठवड्याला चाळीस तास नुसता अभ्यास. त्यावर वीस तास काम, जाण्यायेण्याचा वेळ, स्वयंपाक, जर्मनचा क्लास. कागदावरच बसत नाही.

मी रावेर तालुक्यातली, घरी केळीचा बाग. आणि इथे जर्मनीत, केमनिट्झ शहरात पहिलं काम मिळालं ते सुपरमार्केटमध्ये, पहाटे पाच ते नऊ, आठवड्यातून चार दिवस. भाजी-फळांच्या विभागात. केळीचं एकेक खोकं अठरा किलोचं, त्यावर इक्वेडोरचं नाव. ते उघडायचं, वरचा कागद काढायचा, फण्या दांड्याने धरून मांडायच्या, घासून काळ्या पडू द्यायच्या नाहीत. ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. पहिल्या दिवशी फणी हातात घेतली आणि घरची आठवण येऊन डोळे भरून आले. डिसेंबरात आठ वाजेपर्यंत उजाडत नाही. सव्वानऊच्या लेक्चरला मी ओल्या बुटांनी जाऊन बसायचे आणि दहा वाजता डोळे मिटायचे.

आता खरी अडचण सांगते. आपल्याकडे इंटर्नल असतात, सबमिशन असतं, सर हाक मारून विचारतात. इथे माझ्या बऱ्याच विषयांना ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कुणी काही विचारलं नाही, आणि फेब्रुवारीत एकच पेपर, सगळे मार्क त्याचेच. त्यामुळे आपण मागे पडतोय हे नोव्हेंबरात कळतच नाही. पगार मात्र दर महिन्याला खात्यात दिसतो, म्हणून सगळं नीट चाललंय असं वाटतं. मी दोन विषयांत नापास झाले. बहुतेक युनिव्हर्सिटीत एका विषयाला तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा गेला तर त्या कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स देशात दुसरीकडेही सहसा करता येत नाही. या नियमांचं पत्रक मी नापास झाल्यावर वाचलं. तू निघण्याआधी वाच. तुझ्या कोर्सचे परीक्षेचे नियम वेबसाइटवर असतात. परीक्षेतून नाव मागे घ्यायची शेवटची तारीख कुठली, ते आधी शोध. तयारी नसलेला पेपर वेळेत मागे घेतला तर संधी वाया जात नाही.

मग काय करायचं? पहिलं सेमिस्टर कामाशिवाय काढ. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीकच काढता येणाऱ्या खात्याचे ११,९०४ युरो त्यासाठीच असतात, महिन्याला ९९२. हॉस्टेलची खोली मिळाली आणि घरी रांधलं तर त्यात भागतं. मी रविवारी वरण नि भाजी करून ठेवते. भरीत मात्र ओव्हनमध्ये होतं तसंच गोड मानून घ्यावं लागतं. दुसऱ्या सेमिस्टरपासून दहा तास घे. २०२६ पासून किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे दहा तासांत महिन्याला सहाशेच्या आसपास येतात. मिनिजॉबची, म्हणजे फारशी कपात न होणाऱ्या छोट्या कामाची महिन्याची मर्यादाही ६०३ च आहे, त्यामुळे हातात जवळपास सगळे पडतात. वीस तासांचं काम घ्यायचंच असेल तर विषय चारच घे. एक सेमिस्टर वाढेल, त्या सहा महिन्यांचा खर्चही वाढेल, हे आधीच धरून चाल.

मोठी कमाई सुट्टीत कर. आपण दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जायचो ना, तसंच. ऑगस्ट-सप्टेंबरात लेक्चर नसतात, तेव्हा पूर्ण वेळ काम करता येतं. फक्त १४० दिवसांत ते दिवस मोजले जातात, म्हणून वहीत टिपून ठेव. आणि डिपार्टमेंटमध्ये हिवीचं, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखालचं काम मिळालं तर डोळे झाकून घे. ते या १४० दिवसांत धरत नाहीत, आणि परीक्षेच्या दिवसांत तिथले लोक समजून घेतात. त्यासाठी बऱ्याचदा जर्मन लागतं. जळगावला क्लास मिळाला नाही तर ऑनलाइन कर, पण बी-वन, म्हणजे जर्मनची तिसरी पातळी, होईपर्यंत क्लास सोडू नकोस. माझ्याकडे ए-वनच, म्हणजे पहिलीच पातळी होती, म्हणून माझ्या वाट्याला पहाटेची खोकी आली.

आता बाबांचं. हे मी सगळ्यात उशिरा शिकले. शैक्षणिक कर्जाला कोर्स संपेपर्यंत आणि त्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर मुद्दलाचा हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं, आणि काही बँका ते दरमहा मागतात. तुझी बँक काय करते हे सही करण्याआधी लेखी घे. दरमहा मागत असेल तर वर्षभराचं व्याज आताच बाजूला काढून ठेव. आणि बाबांना समोर बसवून सांग की पहिलं वर्षभर माझ्याकडून पैसे येणार नाहीत. मी हे बोलले नाही. दर रविवारी फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणत राहिले, आणि ते वाक्य खरं ठरावं म्हणून जास्तीच्या शिफ्ट घेत गेले. निकाल सांगितला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पैशाचं मी मागितलं होतं का तुला?" त्यांनी खरंच कधी मागितलं नव्हतं.

तुझ्या कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयांच्या माहितीची पुस्तिका, मला पाठव. शनिवारी दुपारी मी मोकळी असते. पहिल्या सेमिस्टरला कुठले विषय घ्यायचे आणि कुठले पुढे ढकलायचे, ते फोनवर बसून ठरवू.