मृतदेहाच्या सीटी स्कॅनवरून नशा केली होती का, हे कळतं का?

संशय घेता येतो, शिक्कामोर्तब नाही. रक्तात दारू किती होती, हे तर स्कॅनला विचारूच नका.

हेरॉईनसारख्या अफूच्या जातकुळीतल्या नशेने मृत्यू झाला असेल, तर बऱ्याचदा तीन खुणा एकत्र सापडतात: फुप्फुसात पाणी, मेंदूला सूज आणि तुडुंब भरलेलं मूत्राशय. मला यातलं मूत्राशय जास्त बोलकं वाटतं. या औषधांनी लघवी अडते, आणि माणूस बेशुद्धीत तासन्‌तास पडून असतो. फुप्फुसातल्या पाण्याचं मात्र काही खरं नाही. ते बुडालेल्यातही दिसतं, हृदय निकामी झालेल्यातही. कधी जठरात न विरघळलेल्या गोळ्यांचा पांढरा थर दिसतो. कोकेनच्या कॅप्सूल गिळून विमानतळावर उतरणारे असतात ना, त्यातली एक जरी आत फुटून माणूस गेला, तरी उरलेल्या कॅप्सूल आतड्यात स्पष्ट दिसतात. तिथे स्कॅनला तोड नाही.

बाकी शिक्कामोर्तबासाठी मुंबईत व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातून तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग, मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून शेवटी कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतच जातो. दारूच्या तपासणीचं रक्त वेगळं, सोडियम फ्लोराईड घातलेल्या बाटलीत. नाहीतर जंतू बाटलीतच अल्कोहोल तयार करतात.